माल झाकून दिवा बदलावा

माझा भाऊ पाव विकत घेतो तेव्हा पैसे देण्याआधी तो पाव हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत येतो. रस्त्यावरच्या उजेडात उलटा करतो, सुलटा करतो, कडेने दाबून बघतो. पटला तर आत जाऊन पैसे देतो. नाही पटला तर "शिळा" एवढा एकच शब्द बोलून पाव फळीवर ठेवतो आणि चालायला लागतो. टोमॅटो, सफरचंद, शर्ट, सगळ्यांची अशीच दारापर्यंत वरात निघते. दुकानदारांना हा माणूस डोळ्यांसमोर नको असतो. मलाही त्याच्याबरोबर बाजारात जाणं नको वाटतं, कारण मी स्वतः कापडाच्या दुकानात उभी असते, आणि ताग्याचं टोक ओढत दारात नेणारी गिऱ्हाइकं मला दिवसभर छळत असतात.

पण दादाला कोण बोलणार? त्या दुकानांतले दिवे त्यानेच लावलेले असतात.

शाळेत त्याचे मास्तर म्हणायचे, हा पुढे मोठे दिवे लावणार. मास्तर टोमणा मारायचे आणि वर्ग हसायचा. त्यांची बाकी सगळी भाकितं फुकट गेली, हे एक मात्र खरं ठरलं. दादा दुकानांना दिवे बसवून देतो, आणि दुकानाच्या दिव्याचं काम उजेड पाडण्याचं नसतं, माल खपवण्याचं असतं. पावाच्या दुकानात पिवळसर दिवा, म्हणजे पाव आत्ताच भट्टीतून निघाल्यासारखा वाटतो. बर्फावरच्या मासळीला निळसर दिवा, म्हणजे खवले चमकतात आणि डोळ्यांवरचा पडदा दिसत नाही. दागिन्यांना टोचणारा पांढरा. आणि मांसाच्या दुकानात गुलाबी. या गुलाबी दिव्याला दादाच्या धंद्यात मांसाचा दिवा असंच म्हणतात. त्याच्याखाली कालचं मांसही आत्ता कापल्यासारखं लालबुंद दिसतं.

हे सगळं आमच्या घरात जेवताना बोललं जायचं. लहानपणापासून मला ज्या गोष्टींची शिसारी आहे त्यातल्या निम्म्या दादाच्या जेवणाच्या वेळच्या गप्पांतून आल्या आहेत. कुठल्या दुकानात फळीमागे काय सांडलेलं असतं, कुठल्या बर्फाखालचं पाणी कुठल्या रंगाचं असतं, हे त्याला तोंडपाठ. शिडीवर चढलेल्या माणसाला दुकानाचं टक्कल दिसतं, असं तो म्हणतो. बाहेरचं तो काही खात नाही. चहासुद्धा नाही.

त्याच्या धंद्यातला पहिला धडा त्याला थोबाडीत खाऊन मिळाला. अगदी नवा होता तेव्हाची गोष्ट. एका खाटकाच्या दुकानात दिवा गेला म्हणून त्याला बोलावलं. दुकानात ही गर्दी. दादाने सरळ शिडी लावली आणि दिवे बंद केले. बाहेरचा दुपारचा उजेड फळीवर पडला आणि गुलाबी मांसाचं एका क्षणात राखाडी झालं, कडांना हिरवट. रांगेतल्या बायकांनी बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि पिशव्या आवळून निघून गेल्या. एकीने तिथेच तोंडाला रुमाल लावला. खाटकाने दादाला शिडीवरून खाली ओढलं, एक ठेवून दिली आणि सांगितलं की आधी माल झाकायचा, मग दिवा बदलायचा. तेव्हापासून दादाच्या पेटीत दिव्यांच्या वर एक स्वच्छ पांढरं फडकं घडी करून ठेवलेलं असतं. कुठेही गेला की आधी फडकं पसरतो आणि मग शिडी चढतो.

मी त्याला विचारायची की अशा कामाची लाज नाही का वाटत. तो म्हणायचा, वाटते ना, म्हणून तर पाव दारात नेऊन बघतो. यावर अप्पा हसायचे. अप्पा म्हणजे आमचे वडील. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, आणि म्हणून माझ्या लेकाचं पोट भरतं," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

अप्पा कारखान्यात बॉयलरवर होते. सगळी उमर भट्टीच्या तोंडाशी उभं राहून काढली, त्यामुळे अंधार आणि आग या दोन गोष्टी सोडून तिसऱ्या कशाची त्यांना सवय नव्हती. कामावरून निवृत्त झाले, डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले, आणि पाठोपाठ आई गेली. मग अप्पा बसले ते बसलेच. खुर्ची भिंतीकडे, तोंड भिंतीकडे. रेडिओ लावला तर बंद करायचे. जेवायला बोलावलं तर यायचे, चार घास खाऊन परत भिंतीकडे. मी तोवर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले होते. दादाने लग्न केलेलं नाही, तेव्हा घरात ते दोघेच. दादा मला जिन्यात गाठून म्हणायचा की हे आईच्या मागोमाग जाणार, काहीतरी करायला हवं. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. बापाला कसंही करून इथे धरून ठेवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

म्हणून ती टाकी आली. खालच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून जात होतं. त्यांच्याकडे गोड्या पाण्यातल्या माशांची मोठी काचेची टाकी होती, आत पाणवनस्पती आणि पाच सोनेरी मासे. सामानात नेता येत नाही म्हणून ते ती कुणालाही द्यायला तयार होते. दादाने ती वर आणली आणि अप्पांच्या खुर्चीसमोर, त्या भिंतीलाच लावून ठेवली. भिंतच बघायची आहे ना, मग निदान हलणारी भिंत बघा, असा त्याचा हिशेब.

मला मासे ताटातही आवडत नाहीत आणि पाण्यातही. पण अप्पांनी त्या दिवशी खुर्ची पुढे ओढली हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अडचण एवढीच होती की टाकीचं झाकण होतं, दिवा नव्हता. खोलीत उजेड कमी, मोतीबिंदू काढूनही अप्पांची नजर मंद, त्यांना मासे म्हणजे नुसत्या हलत्या सावल्या दिसायच्या. दिव्याचा प्रश्न आणि घरात दिवेवाला! दादाची कॉलर ताठ झाली. रविवारी त्याने पेटी आणली, जुने-नवे सगळे दिवे वर्तमानपत्रातून सोडवून मांडले आणि एकेक टाकीवर धरून बघायला सुरुवात केली. मी चहा घेऊन बसले होते.

पहिला पावाचा दिवा. पाणी चहासारखं दिसायला लागलं आणि मी कप खाली ठेवला. मग मासळीचा निळसर. अप्पा म्हणाले की हे तर बर्फावर मांडल्यासारखे दिसतात, मेलेले. दागिन्यांचा लावला तर सगळे मासे घाबरून दगडामागे जाऊन बसले. शेवटी पेटीच्या तळातून दादाने मांसाचा दिवा काढला. तो लावला मात्र, आणि ते पाचही मासे निखाऱ्यांसारखे पेटले. लाल, तांबडे, धगधगीत. अप्पा खुर्चीतून उठले. काचेला नाक लावून म्हणाले, "भट्टी पेटली बघ."

आई गेल्यापासून त्यांच्या आवाजात मी असं काही ऐकलं नव्हतं. दादाचे डोळे भरून आले आणि त्याने तोंड फिरवलं.

मी मात्र बोलून गेले. मी म्हटलं, हा मांसाचा दिवा आहे, घरात खाटकाच्या दुकानासारखं वाटतंय, मला मळमळतंय. दादा म्हणाला, त्यांना आवडलंय ना, मग झालं. आणि खरं सांगायचं तर झालंच होतं. अप्पांनी भिंत सोडली होती.

मग कुणीतरी दादाला सांगितलं की टाकीवर ऊन पडलं की शेवाळ धरतं. त्याने लगेच खिडकीला जाड गडद पडदा लावला. आधीच ती खोली कोंदट, त्यात दिवसाचा उजेड पूर्ण बंद झाला. सकाळी उठल्या उठल्या गुलाबी दिवा लागायचा तो अप्पा झोपेपर्यंत. खोलीभर तोच उजेड. भिंती गुलाबी, चादर गुलाबी, पाण्याचा पेला गुलाबी. अप्पांचे गुडघे गेलेले, ते जिना उतरत नव्हते. सगळा दिवस त्या उजेडात टाकीसमोर बसायचे. संडासाला जायचे तेवढेच बाहेर, आणि तिथला दिवा इतका मिणमिणता की आपलाच हात ओळखू येत नाही. घरच्या दिव्याला म्हणे दादाला वेळ मिळत नव्हता.

शेवाळ यायचं ते आलंच. पडदा लावून उपयोग शून्य. आधी काचेवर तपकिरी धूळ धरल्यासारखं झालं, मग हिरवं, मग बुळबुळीत, बोटाला तार सुटेल असं. पाणवनस्पतींची पानं सडून चिकट झाली आणि देठांना लोंबायला लागली. वास तर विचारू नका. डबक्याचा वास आणि ओल्या मोज्यांचा वास एकत्र केला की जे होईल ते. दादा नळीचं टोक तोंडात धरून पाणी ओढायचा. कधी अंदाज चुकला की ते पाणी त्याच्या तोंडात जायचं, तो थुंकायचा, तोंड पुसायचा आणि पुन्हा ओढायचा. बाहेरचा चहा न पिणारा हा माणूस! मी दर रविवारी जाऊन स्पंज घेऊन काच घासायची, कारण नाही घासली तर अप्पांना मासे दिसायचे नाहीत. स्पंज पिळला की बोटांमधून ते हिरवं काळं यायचं. घरी जाऊन मी साबणाने हात धुवायची, परत धुवायची, आणि तरी जेवताना डावा हात मांडीखाली ठेवायची.

शेजारच्या काकूंना मात्र त्या खोलीचं मोठं कौतुक. त्या रोज डोकावायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "अप्पा, काय तेज आलंय हो तुमच्या चेहऱ्यावर, गालांवर लाली बघा." अप्पा खूश व्हायचे. दादा तर इतका खूश व्हायचा की काकूंना बसवून घ्यायचा. तो मला म्हणायचा, बघ, म्हणत होतो ना, माणसाला मन रमवायला काहीतरी लागतं. मलाही दिसत होतंच. वाळलेल्या माणसाच्या गालांवर रंग आलेला कुणाला नको असतो?

मधेच अप्पा खाजवायला लागले. हात, पाठ, पोटऱ्या. ओरखडे उठेपर्यंत खाजवायचे. दादा म्हणाला डास झाले असतील, टाकीमुळे. त्याने पावडर आणली. मी म्हटलं टाकीमुळेच, त्या घाणीतूनच सगळं येतंय. जेवणही कमी झालं होतं. ताट समोर आलं की तोंड वाकडं करायचे, वास येतो म्हणायचे. मी म्हटलं, येणारच, या डबक्याशेजारी बसून मला पाणीसुद्धा जाणार नाही. खुर्चीतच डुलक्या काढायचे. आम्ही म्हटलं वय झालं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं.

मग एक मासा मेला. सकाळी पोट वर करून तरंगत होता, आणि त्या दिव्याखाली मेलेला मासाही लालबुंद, टवटवीत दिसत होता. मला त्याचीच जास्त किळस आली. अप्पांना वाटलं, आपण खाणं जास्त घातलं म्हणून गेला. दिवसभर तोंडात घास घेतला नाही. मी गेले तेव्हा म्हणाले, "एक गेला. आता बाकीचेही जाणार. मी बघत बसायचं का?" आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले, टाकीच्या शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे. दादाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून सुटले आणि आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान आहे तिथे गेले. तिथली बाई एका हाताने पाव खात होती आणि दुसऱ्या हाताने जाळीने मेलेले मासे काढून डब्यात टाकत होती. मधेच हात बदलायची. मी नजर छताला लावून बोलले. टाकीला दिवा हवा म्हटल्यावर तिने रंग बदलणारा दिवा दाखवला, बटण दाबलं की जांभळा, हिरवा, लाल. याला फार मागणी आहे म्हणाली. मी विचारलं की तुमच्या घरच्या टाकीवर कोणता आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं, पाव खाली ठेवला आणि म्हणाली, घरी होय, घरी साधा पांढरा, दिवसासारखा. तोही दिवसातले काही तासच. माशांनाही रात्र लागते, दिवस-रात्र जळणारा दिवा म्हणजे शेवाळाला आमंत्रण. आमच्या टाकीवर कोणता दिवा आहे ते मी सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली की त्या दिव्याखाली मासा आजारी पडला तरी तुम्हाला कळणार नाही. मग विकायला हा जांभळा का ठेवता, असं विचारलं तर म्हणाली, लोकांना मासे नाही, रंग बघायचे असतात. जगात सगळीकडे एकच धंदा चाललाय असं वाटून मी पांढरा दिवा घेतला आणि बाहेर पडले.

दादा ऐकेना. रविवारी मी दिवा पुढे केला तर म्हणाला की अप्पांना तो गुलाबीच आवडतो, पांढऱ्यात त्यांना मजा येणार नाही, ते परत भिंतीकडे वळतील. आणि मासे ठीकच आहेत.

"बघ की, कसे लाल आहेत," तो म्हणाला.

मी स्पंज बादलीत टाकला. "दादा, हे तू बोलतोस?"

दुसऱ्यांच्या दुकानांत पाव दारात नेऊन बघणारा माझा भाऊ, आणि स्वतःच्या घरात त्याने पडदा ओढून घेतला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने पेटी जवळ ओढली. मग म्हणाला, बरं, आण तो.

अप्पा समोर खुर्चीत बसले होते, हाताला पावडर चोळत. दादाने त्यांना सांगितलं की दिवा बदलतोय, माशांना बरं वाटेल. अप्पा म्हणाले, माशांना बरं वाटत असेल तर बदल. दादाने गुलाबी दिवा काढला, तो भाजत होता म्हणून पेटीतल्या फडक्यात धरून काढला आणि तसाच फडक्यासकट बाजूला ठेवला. खोली काळोखी झाली. मग त्याने पांढरा बसवला आणि बटण दाबलं.

शी! आधी मला टाकीच दिसली. इतके दिवस मी काय घासत होते ते आत्ता कळलं. दगडांवर केसांसारखं काळं शेवाळ, पानांवर फुगलेली बुरशी, पाण्यात तरंगणारे कण. आणि ते चार मासे. रंग विटून पार पांढुरके झालेले, धुवून धुवून उडालेल्या कापडासारखे. शेपट्यांच्या चिंध्या. एकाच्या अंगावर कापसासारखे पुंजके. अप्पा पुढे वाकले आणि म्हणाले, "हे आपले मासे नाहीत."

मी बडबडायला लागले. म्हटलं, बघा, मी सांगत होते, पहिल्या दिवसापासून सांगत होते, हा खाटकाचा दिवा घरात नको म्हणून. मी बरंच काही म्हटलं. बोलता बोलता मी दादाकडे वर बघितलं. तो टाकीकडे बघतच नव्हता. तो अप्पांकडे बघत होता.

अप्पा काचेजवळ वाकले होते आणि पांढरा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला होता. ते पिवळे दिसत होते. गाल पिवळे, कपाळ पिवळं, मानेवरच्या सुरकुत्यांत गडद पिवळं. मला वाटलं नवा दिवाच वाईट आहे, त्या बाईने मला फसवलं. मी माझा ओला हात दिव्याखाली धरला. हात हातासारखाच होता. मग मी दादाच्या तोंडाकडे बघितलं, तेही रोजच्यासारखंच होतं, फक्त रक्त उतरलेलं. अप्पांनी काय झालं म्हणून आमच्याकडे मान वर केली, तेव्हा डोळे दिसले. डोळ्यांत पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं.

कावीळ ओळखायला डॉक्टर लागत नाही. ती खाज, तो अन्नाचा वास, त्या डुलक्या, सगळं एकदम माझ्या पोटात उतरलं आणि मला ओकारी आली. शेवाळाची नव्हती. काकूंच्या त्या लालीची होती, मला दिसलेल्या त्या रंगाची होती, आम्ही तिघं त्या गुलाबी उजेडात बसून एकमेकांना म्हणत होतो ना, की किती छान चाललंय, त्याची होती. दादाच्या पेटीतलं फडकं गरम दिव्याभोवती गुंडाळलेलं पडलं होतं. घरात माल झाकायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दादा खुर्चीजवळ गेला आणि त्याने अप्पांच्या दंडाला धरलं.

"चला अप्पा, जरा दारात चला."

"कशाला रे?"

"चला तर."

त्याने त्यांना सावकाश उठवलं, खोलीतून बाहेर काढलं, दार उघडलं. बाहेर जिन्याच्या मोठ्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. अप्पांनी डोळे बारीक केले. किती दिवसांनी ते उंबऱ्यात उभे होते कोण जाणे. दादाने दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, मग दुसरीकडे वळवलं. अंगठ्याने डोळ्याखालची कातडी किंचित खाली ओढली. मी मागे उभी होते, हातातून घाण पाणी गळत होतं, पण फरशी पुसायचं भान नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू जिना चढून वर आल्या. हातात भाजीची पिशवी. सवयीने त्यांचं तोंड उघडलं, "अप्पा, काय तेज..." इतकं म्हणाल्या आणि थांबल्या. मग पिशवी छातीशी धरून भिंतीला सरकून उभ्या राहिल्या.

अप्पांनी काकूंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आपल्या हाताकडे, जो त्यांनीही कितीतरी दिवसांनी उन्हात पाहिला असणार. ते आगीसमोर आयुष्य काढलेले, घाबरट नव्हते. आणि आपल्या लेकाची दारात येऊन उभं राहण्याची खोड त्यांना चांगली ठाऊक होती. हनुवटी तशीच त्याच्या बोटांत ठेवून ते हसले.

"काय रे," ते म्हणाले, "शिळा निघालो का?"

शहरातल्या दुकानदारांना तोंडावर शिळा म्हणणाऱ्या माझ्या भावाने त्यांची हनुवटी सोडली, खाली बसला, आणि दारामागे धूळ खात पडलेल्या अप्पांच्या चपला ओढून बाहेर काढल्या. सदऱ्याच्या बाहीने त्या पुसल्या आणि एकेक करून त्यांच्या पायात घालायला लागला.